कापूस पाण्याले भीतो

गेले दोन शनिवार काहीच लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलं, काय रे, रिलीज आहे का? रिलीज नव्हता. मी वाती वळत होतो.

हसू नका. फुलवाती. चिमूटभर कापूस घ्यायचा, बोटांनी चांदणीसारखा पसरायचा, मध्ये गोळा करून वर टोकाला पीळ द्यायचा. बोटाला किंचित दूध किंवा राख लावली की कापूस निसटत नाही. सुरुवातीला मला एका वातीला २५ सेकंद लागायचे, आता १४ वर आलोय. आजी बोलता बोलता, टीव्हीकडे बघत, दहा-बारा सेकंदांत वळायची आणि तिच्या वाती मोजपट्टी लावल्यासारख्या एकसारख्या असायच्या. माझ्या अजूनही कोणी जाड, कोणी बारीक, कोणी लंगडी.

पण ही गोष्ट वातींपासून सुरू होत नाही. ती सुरू होते सिगारेटपासून.

२०१८ला इंजिनिअरिंग संपवून जामनेरहून पुण्याला आलो, नोकरीला लागलो. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी, टपरीवर सगळी टीम, आणि टीममध्ये 'चल, दोन मिनिटं' म्हटलं की त्याचा अर्थ चहा नसतो हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःच 'चल, दोन मिनिटं' म्हणायला लागलो. एवढंच. त्यात काही मोठं कारण, दुःख, प्रेमभंग वगैरे नाही. असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

माझा रूममेट माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, अमरावतीकडचा. तो २०१९च्या सुरुवातीला इंग्लंडहून ऑनसाइट संपवून परत आला आणि सोबत एक डबा घेऊन आला. डब्यात छोटे स्क्रू-ड्रायव्हर, चिमटा, तारेचं रीळ, कापसाची पट्टी आणि अंगठ्याएवढं एक पितळी-स्टीलचं भांडं. ई-सिगारेटचं अॅटोमायझर. तेसुद्धा विकत घेऊन वापरून फेकायचं नाही, तर स्वतः उघडून पुन्हा बांधायचं. आता इंजिनिअर माणसाला 'हे उघडता येतं' असं म्हटलं की संपलंच. निकोटिन राहिलं बाजूला, मी त्या डब्याच्याच नादी लागलो.

आत भानगड अगदी साधी असते. लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार (कांथल म्हणतात तिला) पाच-सहा वेढे देऊन दोन स्क्रूंमध्ये बसवायची. त्या वेढ्यांच्या बोगद्यातून कापसाची वात ओढून घ्यायची. वातीची दोन टोकं खाली द्रवात बुडलेली. बटण दाबलं की तार तापते, वातीतला द्रव उकळून वाफ होते, आणि गेलेल्या द्रवाच्या जागी खालून नवा द्रव चढतो. बस्स. तारेच्या जागी ज्योत ठेवा, द्रवाच्या जागी तेल, झाली समई.

सगळं कौशल्य त्या वातीत. रूममेट सांगायचा की आधी लोक काचेच्या धाग्यांची, म्हणजे सिलिकाची दोरी वापरायचे. ती जळत नाही, पण तिचे तंतू घशात जातील ही भीती. मग काहींनी स्टीलच्या बारीक जाळीची सुरळी करून पाहिली. ती आधी तापवून तापवून काळी करायची, म्हणजे वर ऑक्साइडचा थर येतो आणि तार जाळीला टेकून शॉर्ट होत नाही. दिवस दिवस जायचा त्यात. मग रेयॉन आलं, तागाच्या जातीचे धागे आले, आणि फिरून फिरून गाडी आली ती कापसावरच. त्याच्याकडची पट्टी जपानी कापसाची होती, चांगली महाग. मी पाकिटावरची किंमत रुपयांत करून पाहिली आणि मला बाबांचा चेहरा आठवला. आमच्याकडे सहा एकर कापूस. आम्ही तो क्विंटलच्या भावाने विकतो, आणि इथे हा पठ्ठ्या ग्रॅमच्या भावाने विकत घेतोय.

वात बोगद्यातून ओढताना किंचित अडकली पाहिजे, पण तार हलता कामा नये. जास्त कोंबली तर द्रव चढत नाही, मग कापूस जळतो आणि घशात असा काही कडू जाळ उतरतो की डोळ्यांत पाणी. कमी घातली तर द्रव उतू जातो, गुळगुळ आवाज येतो आणि खिसा ओला. यामागचं गणित मी एका रविवारी बसून वाचून काढलं. केशाकर्षणाचा शाळेतला नियम आठवतोय? नळी जितकी बारीक, तितकं पाणी उंच चढतं. म्हणजे घट्ट पिळलेली वात चांगली, असं वाटेल. पण वॉशबर्न नावाच्या माणसाचं १९२१चं समीकरण दुसरी बाजू सांगतं: नळी बारीक झाली की द्रव चढतो, पण हळू चढतो. घर्षण वाढतं. तापलेली तार, किंवा ज्योत, थांबत नाही. तिला दर सेकंदाला ठराविक पुरवठा लागतो. उंची गाठायची असेल तर घट्ट, वेळ गाठायची असेल तर सैल, आणि मधला मेळ हाताला कळतो. ग्लिसरीन तर खोलीच्या तापमानाला पाण्याच्या हजारपटीहून जास्त दाट. म्हणून ग्लिसरीन जास्त असलं की वात आणखी सैल ठेवायची.

सप्टेंबर २०१९ला केंद्र सरकारने अध्यादेश काढला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण, सगळं बंद. विकताना पहिल्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वर्षी अमेरिकेत वाफ ओढून फुप्फुसं निकामी झालेल्या तरुणांच्या बातम्या येत होत्या. तिथे मुख्य दोष गांजाच्या अर्कातल्या व्हिटॅमिन ई अॅसिटेटचा निघाला, पण तोपर्यंत घाबरायचे ते सगळे घाबरले होते. रूममेट पुन्हा परदेशी निघाला आणि डबा माझ्याकडे सोडून गेला. मी तो फेकून द्यायला हवा होता. नाही फेकला.

मार्च २०२०. लॉकडाऊनच्या तीन दिवस आधी मी जामनेरला पोहोचलो. लॅपटॉप, चार कपडे आणि बॅगेच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेला डबा, दोन बाटल्या.

ते दिवस आठवतात का? पाचोरा-जामनेर पीजे गाडी बंद झाली, तिची शिट्टी थांबली तेव्हा गाव एकदम मुकं वाटायला लागलं. कापसाची खरेदी बंद पडली. बाबांचा शेवटच्या वेचणीचा कापूस विकायचा राहिला आणि पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग लागला. ज्यांच्या घरात कापूस राहिलाय त्यांना सांगायला नको, उन्हाळ्यात त्या ढिगातून बारीक किडे निघतात आणि अख्खं घर खाजवत बसतं. मी वरच्या खोलीत कॉलवर 'कॅन यू सी माय स्क्रीन' म्हणतोय आणि कॅमेऱ्याखाली दोन्ही पाय खाजवतोय, असं दोन महिने चाललं.

आणि एप्रिलच्या मध्यावर माझी जपानी पट्टी संपली.

मेडिकल चालू होतं, तिथे कापसाची गुंडाळी मिळाली असती. पण मेडिकलवाले काका बाबांचे वर्गमित्र. 'कोणाला लागलं रे?' असं विचारणार आणि मी घरी पोहोचायच्या आत घरी फोन येणार. शिवाय म्हटलं, आपल्या घरात कापसाचा तोटा आहे का? खाली क्विंटलच्या क्विंटल पडलाय. गेलो, मूठभर उचलला, सरकी काढली, बोटांनी विंचरला, वात केली, बसवली. कापूस शेतातून थेट, कोणतीही रसायनं नाहीत, जपान्यांच्याही तोंडात मारेल असा.

पहिल्याच झुरक्याला घशात जाळ. पुन्हा केली, सैल केली. तेच. द्रवाचा थेंब वातीवर टाकला तर तो मण्यासारखा वर बसून राहिला. आत जाईचना.

दुपारी सगळे झोपले म्हणून मी स्वयंपाकघरात एका जुन्या पातेल्यात पाणी, थोडा धुण्याचा सोडा आणि कापूस घालून उकळायला ठेवला. इंटरनेटवर असंच सांगितलं होतं. पाणी पिवळट व्हायला लागलं. मागून आजी.

"काय उकळू राह्यला रे बा?"

"मास्कमध्ये घालायला," मी म्हटलं. त्या दिवसांत कोणतंही खोटं मास्कच्या नावावर खपत होतं.

आजी काही बोलली नाही. तिने देवघरातून तिची टोपली आणली. आमच्या परसात देवकापसाचं झाड आहे, आजी लग्न होऊन आली तेव्हाच्या झाडाच्या बियांचं. शेतातला बीटी कापूस ती वातीला कधीच घेत नसे, 'तो विकाले, हा देवाले'. टोपलीतला एक पुंजका तिने वाटीतल्या पाण्यावर ठेवला. तरंगत राहिला. बोटाने दाबला, वर आला. दुसरा पुंजका तेलाच्या वाटीत टाकला. टाकताक्षणी काळपट झाला आणि तळाला गेला.

"कापूस पाण्याले भीतो," ती म्हणाली. "तेलाले नाही भीत. वातीचा कापूस कोणी उकळते का?"

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्यात द्रवगतिशास्त्राचा एक पूर्ण पेपर होता, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदी पातळ थर असतो, वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी. झाडावर बोंड फुटल्यावर पाऊस आला तर तंतू लगेच भिजू नये, यात त्याचा हात असणारच. मेणाचं तेलाशी जमतं, पाण्याशी नाही. आणि ग्लिसरीन पाण्याच्या गोत्यातलं. म्हणून दवाखान्यातला कापूस कॉस्टिक सोड्यात शिजवून, मेण काढून, मग धुवून पांढरा करतात. औषधसंहितेत त्याची परीक्षाही आजीच्या वाटीसारखीच आहे: कापूस पाण्यावर सोडायचा, दहा सेकंदांत बुडाला पाहिजे. समईला मात्र कच्चाच कापूस बरा. आमच्या आजीला मेण माहीत नव्हतं. भीती माहीत होती.

उकळलेल्या कापसाची वात उत्तम झाली, हे कबूल करायला हवं. चार दिवस मी खुशीत होतो.

पाचव्या दिवशी रात्री जेवताना आजी सगळ्यांदेखत म्हणाली, "वरच्या खोलीत दिवा कोरडा जळू राह्यला कोण्या तरी." आईने वर बघितलं, लाइट बंद होता. बाबा जेवत राहिले. मी पण.

तिला वास कळला होता. इथे पुन्हा थोडं रसायनशास्त्र, माफ करा. वात जळत नसते, तेल जळतं. वात फक्त वाहून आणते, आणि तेल आहे तोवर ते उडून जाताना वातीला गार ठेवतं. तेल संपलं की मग वात जळायला लागते. समई फुंकर मारून विझवली की जो डोळ्यांना झोंबणारा वास येतो, त्यात अॅक्रोलीन नावाचा वायू असतो. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनचा कणा असतो, तो अति तापला की अॅक्रोलीन होतो. माझ्या डब्यात तर नुसतं ग्लिसरीनच होतं. वात कोरडी पडली की नेमका तोच वास. सिगारेटच्या धुरातही तो आहेच. साठ वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावलेल्या बाईपासून मी हा वास लपवायला निघालो होतो. गच्चीचं दार उघडून!

दोन-तीन दिवसांनी दुपारी वाती वळताना तिने मला जवळ बसवलं आणि कापूस हातात दिला. मी वेडीवाकडी पहिली वात केली. ती आजोबांबद्दल बोलायला लागली. आजोबा बिडी ओढायचे, हे मला माहीत होतं. ते गेले तेव्हा मी सहावीत होतो. लोडशेडिंगचे दिवस, आठ-आठ तास लाइट नाही, मी ओगलेवाडीच्या जुन्या प्रभाकर कंदिलाशेजारी अभ्यास करतोय आणि पलीकडे अंधारात त्यांचा खोकला, ही माझी त्या वर्षाची सगळी आठवण. कंदिलाची वात कात्रीने सरळ कापून काजळी पुसायचं काम माझं होतं. वात तिरपी कापली की एका बाजूने ज्योत चढते आणि काच काळी होते.

आजी म्हणाली, "शेवटले ते म्हनत, आतून सारं कोरडं पडलं. पानी पिलं तरी कोरडं." मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या वातीकडे बघून, "लई घट्ट करतो तू. जरा श्वास घेऊ दे तिले."

तिने मला शेवटपर्यंत सरळ विचारलं नाही. मी सरळ सांगितलं नाही.

इथे मी सुधारलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. जूनमध्ये बाटल्या संपल्या, डबा मी कांगेच्या पुलावरून टाकला (नदीत टाकायला नको होता, तेही चुकलंच), आणि २०२१ला पुण्याला परत आल्यावर महिन्याभरात पुन्हा टपरीवर उभा होतो. वाफेने सिगारेट सुटते म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, माझ्यापुरतं सांगतो: माझी नव्हती सुटली. नुसती वात बदलली होती, आत चढणारा माल तोच. दोनदा सोडून दोनदा धरली. ऑगस्ट २०२३पासून नाही ओढलेली. निकोटिनचा च्युइंगम, चिडचिड, सहा किलो वजन, सगळं यथासांग झालं. अजूनही प्रॉडक्शनला काही पडलं की हात खिशाकडे जातो.

आजीने २०२२ साली लक्षवातीचा संकल्प केला होता. एक लाख वाती वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे उजळायच्या. मी लगेच हिशेब केला होता: चातुर्मासातच संपवायच्या तर १२० दिवस, रोज ८३३ वाती, १२ सेकंदांनी पावणेतीन तास. तिला तो आकडा सांगितला तर म्हणाली, "मले कुठं जायचं हाये?" घाई न करता, जमेल तशा वळत होती. शंभराची जुडी, जुडीला वहीत एक रेघ. वाती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.

२०२४च्या आषाढात ती गेली. झोपेत. दिवस वगैरे झाल्यावर आईने वही माझ्यापुढे ठेवली. मी रेघा दोनदा मोजल्या. ८८४. म्हणजे ८८,४००. राहिल्या ११,६००.

आईने गुरुजींना विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही. म्हणाली, संकल्प तिचा, हात आपले. तेव्हापासून ती तिथे आणि मी इथे, शनिवार-रविवार. मधले काही महिने मी टाळलं, प्रोजेक्टचं कारण सांगितलं, आई काही म्हणाली नाही आणि एकटीच वळत राहिली. आता पुन्हा धरलंय. जामनेरहून येणाऱ्या कोणाच्याही हातून ती देवकापसाची पिशवी पाठवते, मी वळलेल्या वाती परत पाठवतो. फ्लॅटमधल्या मुलांना वाटतं मी काही साइड बिझनेस करतोय. बोटं रिकामी नसली की ती चहानंतरची दहा मिनिटंही निघून जातात, हा आपला एक फायदा.

तुपाचा हिशेबही मी केलाय. एका वातीला पाव ग्रॅम धरलं तरी २५ किलो. आईला अजून सांगितलेला नाही.

काल रात्रीपर्यंत आम्हा दोघांच्या मिळून ८,३५० झाल्या होत्या. राहिल्या ३,२५०. आज सकाळी आईचा फोन आला. गेल्या वेळच्या डब्यातल्या माझ्या ६० वाती तिने बाजूला काढून ठेवल्यात, रेघ मारलेली नाही.

"का?"

"घट्ट आहेत," ती म्हणाली. "यांच्यात तूप चढणार नाही."

म्हणजे ३,३१०.